सल्ला हवा: सुट्या भागांपासून जोडलेल्या मालाच्या साठ्यासाठी डेटाबेस कसा मांडावा?

कुंडईकर
नमस्कार मंडळी. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत आमचं पंपांचे स्टार्टर जोडण्याचं छोटं युनिट आहे आणि फोंड्यात दुकान. दुकानात तयार स्टार्टर विकतो, तसेच कॉन्टॅक्टर (मोटरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच), ओव्हरलोड रिले (जादा भार आला की मोटर बंद करणारा), पुश बटण हे सुटेही विकतो. हिशेब एक्सेलमध्ये: एका शीटवर तयार माल, दुसऱ्यावर सुटे भाग. पाऊस संपून कुळागरांना (सुपारी-नारळाच्या बागांना) पाणी देणं सुरू झालं की गोंधळ. दुकानातला मुलगा सुटा कॉन्टॅक्टर विकतो, युनिटच्या शीटवर तो शिल्लकच दिसतो आणि जोडणी अडते.

भाच्याला एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) बऱ्यापैकी येतं. तयार माल आणि सुटे भाग वेगळ्या टेबलांत ठेवावेत की एकाच? डीओएल (मोटर थेट सुरू करणाऱ्या) स्टार्टरला कॉन्टॅक्टर एक, स्टार-डेल्टाला (टप्प्याने सुरू करणाऱ्याला) तीन, हे कुठे लिहायचं? तयार सॉफ्टवेअर सुचवलंत तरी चालेल, फक्त बजेट बेताचं आहे.

म्हापशेकर
जीएसटीसाठी टॅली वापरत असालच. त्यात स्टॉक आयटमला बिल ऑफ मटेरियल (बीओएम, म्हणजे त्यात कुठले भाग किती लागतात ती यादी) जोडता येतं आणि मॅन्युफॅक्चरिंग जर्नल (उत्पादनाची नोंद) टाकलं की भाग आपोआप वजा होतात. नवीन काही बांधण्याआधी ते बघा.

साखळीचो
टॅलीचा सल्ला योग्यच आहे. तरी स्वतः बांधणार असाल तर टेबल एकच ठेवा, नाव द्या ‘वस्तू’. कॉन्टॅक्टर ही वस्तू, डीओएल स्टार्टर ही वस्तू, वायरसुद्धा वस्तूच. ‘सुटा भाग’ ही काही वस्तूची जात नव्हे. तुमचा कॉन्टॅक्टर युनिटमध्ये भाग असतो आणि दुकानात विक्रीचा माल. दोन टेबलं केलीत तर तो दोन्हीकडे लिहावा लागेल आणि आजचा गोंधळ एक्सेलमधून उचलून डेटाबेसमध्ये नेल्यासारखं होईल.

दुसरं टेबल ‘घटक’. कॉलम तीन: कुठल्या वस्तूत, कुठली वस्तू, किती. पहिले दोन्ही कॉलम ‘वस्तू’ टेबलाकडेच बोट दाखवतात, आणि दोघांची मिळून प्रायमरी की (ओळीची एकमेव ओळख). स्टार-डेल्टासमोर कॉन्टॅक्टर ३, टायमर १, रिले १, झालं. (तिन्ही कॉन्टॅक्टर एकाच आकाराचे नसतील तर दोन ओळी.) ‘किती’ला दशांश चालू द्या, कारण वायर ०.८ मीटरही लागते. वायर तुम्ही ९० मीटरच्या बंडलने घेत असाल, पण साठा मीटरमध्येच ठेवा; बंडल-मीटरचं गणित खरेदीच्या नोंदीत उरका.

आता ३ एचपी आणि ५ एचपीच्या डीओएलमध्ये बहुतेक वेळा पेटी तीच, कॉन्टॅक्टर तोच, फक्त रिलेची रेंज वेगळी. मग पेटी, कॉन्टॅक्टर, बटणं आणि टर्मिनल जोडून वायरिंग केलेली ‘बॉडी’ हीच एक वस्तू करा. हंगामाआधी बॉड्या भरून ठेवा, ऑर्डर आली की रिले चढवा. डेटाबेसला काही फरक पडत नाही. घटकाला स्वतःचे घटक असले की झालं. फक्त तळापर्यंतची यादी काढायला ‘विथ रिकर्सिव्ह’ (पायरी-पायरीने खाली उतरणारी) क्वेरी लागेल. डेटाबेस प्रोग्रामांपैकी ती पोस्टग्रेमध्ये आहे, एसक्यूलाइटमध्ये आहे, मायएसक्यूएलमध्ये ८.० पासून. अ‍ॅक्सेसमध्ये नाही, म्हणून अ‍ॅक्सेसच्या वाटेला जाऊ नका. आणि कुठलीही वस्तू फिरून स्वतःचाच घटक होत नाही ना, हे नोंद करतानाच तपासा, नाहीतर क्वेरी गोल गोल फिरत राहील.

पर्वरीतला निवृत्त
प्रश्न जुना आणि खानदानी आहे. आयबीएमचं आयएमएस हे डेटाबेस सॉफ्टवेअर १९६० च्या दशकात अपोलो मोहिमेसाठी बांधलं गेलं, ते सॅटर्न-५ रॉकेटच्या सुट्या भागांची भलीमोठी यादी सांभाळायला. त्याची रचना झाडासारखी, म्हणजे एका फांदीला एकच बाप. एकच बोल्ट दहा ठिकाणी लागत असेल तर ती रचना अवघडते. १९७० साली आयबीएमच्याच एडगर कॉडने रिलेशनल मॉडेलचा, म्हणजे माहिती टेबलांत मांडण्याच्या पद्धतीचा, लेख लिहिला, त्यातल्या उदाहरणांत ‘भाग, भाग, नग’ असं तीन कॉलमांचं टेबल आहे. म्हणजे साखळीचे बाब वर सांगतात तेच!

कुंडईकर
देव बरें करूं, बरंच उलगडलं. आता दोन अडचणी. एक, आम्ही ‘बसवणी संच’ म्हणून स्टार्टर, १० मीटर केबल आणि ग्लँड एकत्र विकतो, पण तो बांधून ठेवत नाही, गिऱ्हाईक आलं की काढून देतो. दोन, जुना स्टार्टर परत आला की त्यातला चांगला कॉन्टॅक्टर आम्ही काढून घेतो. तो कुठे दाखवायचा?

साखळीचो
दोन्हीचं उत्तर तिसऱ्या टेबलात आहे: ‘हालचाल’. ‘वस्तू’ टेबलात ‘शिल्लक’ नावाचा कॉलम ठेवूच नका. काय आलं, काय गेलं, कुठल्या जागेतून, कुठल्या नोंदीखाली, एवढंच लिहा. बेरीज म्हणजे शिल्लक. जागा लिहिली की कुंडई आणि फोंडा आपोआप वेगळे दिसतील. ऑर्डरसाठी ‘राखीव’ अशी नोंदही करा, म्हणजे दुकानातल्या मुलाला शिल्लक वेगळी आणि विकण्याजोगे नग वेगळे दिसतील.

दहा स्टार्टर जोडले की एकाच नोंदीखाली स्टार्टर +१०, बॉडी −१०, रिले −१०. सगळ्या ओळी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं लिहिलं जातं नाहीतर काहीच नाही) पडाव्यात. मध्येच वीज गेली (आणि पावसात ती जाणारच) तर अर्धी नोंद राहता कामा नये. जुना स्टार्टर खोलणं म्हणजे याचंच उलट, पण काढलेला कॉन्टॅक्टर नव्यात मिसळू नका. ‘वापरलेला कॉन्टॅक्टर’ ही वेगळी वस्तू करा, भाव वेगळा, हमी नाही.

संचाला ‘वस्तू’मध्ये ‘जोडून ठेवत नाही’ अशी खूण करा. बिलावर संच दिसेल, हालचालीत मात्र थेट त्याचे भाग वजा होतील. संचाची स्वतःची शिल्लक कधीच नसते. किती संच देता येतील ते सर्वांत कमी पडणारा भाग ठरवतो.

एक गोष्ट मात्र भाच्याला बजावून सांगा. ‘घटक’ टेबल म्हणजे खतखत्याची (आपल्या मिश्र भाजीची) कृती, आणि ‘हालचाल’ म्हणजे त्या दिवशी टोपात खरोखर काय पडलं ते. एका कंपनीचा रिले संपला म्हणून दुसरीचा लावलात, तर हालचालीत लावलेलाच लिहा. यादी बदलली तर जुन्या ओळी खोडू नका, ‘कधीपासून-कधीपर्यंत’ अशा तारखा घाला आणि ‘कधीपासून’ही प्रायमरी कीमध्ये घ्या. उद्या एखादा स्टार्टर हमीत परत आला, तर त्यात काय होतं हे त्याच्या सीरियल नंबरवरून कळायला हवं.

मडगांवकार
इतकं सगळं भाच्याकडून लिहून घेण्यापेक्षा ईआरपीनेक्स्ट हे धंद्याचा सगळा हिशेब सांभाळणारं सॉफ्टवेअर बघा. ओपन सोर्स आहे, भारतातच बनलेलं आहे, बहुस्तरीय बीओएम आणि गोदामं त्यात तयार मिळतात. उभारायला डोकं लागतं, परवान्याचे पैसे लागत नाहीत.

साखळीचो
हेही मान्य. भाचा पुण्याला नोकरीला गेला तर काय, हा विचार करून ठरवा. स्वतःचंच बांधणार असाल तर पोस्टग्रे घ्या; एसक्यूलाइटची एक फाइल कुंडई आणि फोंड्यातून एकाच वेळी चालवायला जाऊ नका.

कुंडईकर
सध्या तीन टेबलांवरच सुरू करतो, आणि टॅली बिलांपुरती. चवथीच्या सुट्टीत युनिट बंद असतं, तेव्हा मालाची मोजणी उरकेन. पण वायरची अर्धी वापरलेली बंडलं मोजायची कशी?

म्हापशेकर
वजन करा. त्याच कंपनीच्या, त्याच जाडीच्या भरल्या बंडलाचं वजन घ्या आणि त्रैराशिक मांडा. वेष्टन काढून हां.