महागडे नॉइज कॅन्सलिंग हेडफोन: परत करायच्या मुदतीत नेमकं काय काय तपासावं?

चष्मिष:

दोन संच एकदमच हातात येणार आहेत, सोनी डब्ल्यूएच-१०००एक्सएम५ आणि सेनहायझर मोमेंटम ४. दहा दिवसांत एक ठेवायचा, दुसरा परत करायचा. वापर रोज सहा-सात तास. लॅपटॉप आणि फोन दोन्ही जोडलेले, दिवसाला तीन-चार ऑनलाइन बैठका, अधूनमधून विमानप्रवास. आजूबाजूला एसीची घरघर आणि शेजारच्या टेबलांवरच्या गप्पा. चष्मा दिवसभर असतो, जाड काड्यांचा.

परीक्षणं भरपूर वाचली. एक म्हणतो याचं कॅन्सलेशन भारी, दुसरा म्हणतो त्याचं. घरच्या घरी, यंत्रं नसताना, दोघांची तुलना धड कशी करायची? आणि जाहिरातीत 'अमुक डेसिबलपर्यंत' असं लिहितात त्याला काही अर्थ असतो का?

कानसेन:

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. त्या वाक्यातला 'पर्यंत' हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा. कुठल्यातरी एका कंप्रतेला (फ्रिक्वेन्सीला) सर्वांत जास्त घट मिळाली, तिचा तो आकडा. बाकीच्या पट्ट्यात काय होतं ते त्यातून कळत नाही.

बाहेरचा आवाज मायक्रोफोन टिपतो, चिप त्याची उलटी लहर तयार करते आणि दोन्ही कानाशी एकमेकांना मारतात, इतपत सगळ्यांना माहीत असतं. पण खरी गंमत वेळेत आहे. १०० हर्ट्झच्या आवाजाचं एक आवर्तन १० मिलिसेकंदांचं. उलटी लहर ०.१ मिलिसेकंद उशिरा पोचली तर चूक होते ३.६ अंशांची, आणि तरीही सुमारे २४ डेसिबल घट मिळते. तोच उशीर २००० हर्ट्झला ७२ अंशांचा होतो. ६० अंशांच्या पुढे चूक गेली की गोंगाट कमी होण्याऐवजी वाढतो! म्हणून साधारण १००० हर्ट्झच्या आसपास चिप हात आखडता घेते आणि त्यावरचं काम कानाभोवतीच्या गादीवर सोपवते.

तुमच्या बाबतीत याचा अर्थ असा: एसीची घरघर आणि विमानाच्या इंजिनाचा घुमारा दोन्ही संच छान गिळतील. शेजारच्या गप्पा नाही गिळणार. उलट घरघर गेल्यामुळे स, श, च, ट ही व्यंजनं जास्तच स्पष्ट ऐकू येतात, कारण त्यांच्यावरचं पांघरूणच निघालेलं असतं. हा हेडफोनचा दोष नव्हे. गप्पा नकोच असतील तर कॅन्सलेशन चालू ठेवून अगदी हळू आवाजात ब्राउन नॉइज (खोल, धबधब्यासारखा सलग गोंगाट) किंवा पावसाचा आवाज लावा.

आता चष्मा. तुमची निवड चिपवरून नाही, चष्म्याच्या काडीवरून ठरेल असं माझं मत आहे. गादी आणि कानशील यांच्यात काडीमुळे फट पडते आणि खालच्या पट्टीचा आवाज फटीतून बिनधास्त आत येतो. म्हणजे चिप जिथे सर्वांत कामाची, नेमकी तिथेच गळती. परीक्षण करणाऱ्याला चष्मा नसेल तर त्याचे निष्कर्ष तुमच्या डोक्याला लागू पडतीलच असं नाही.

गळती तपासायला दोन मिनिटं पुरतात. कॅन्सलेशन बंद करा, कारण ते चालू असताना कपाच्या आत, कानाजवळ असलेला दुसरा मायक्रोफोन खालच्या सुरांची भरपाई करून गळती झाकू शकतो. हेडफोनमध्येच ५० किंवा ६० हर्ट्झचा सलग सूर बेताच्या आवाजात लावा. मग दोन्ही कप तळहातांनी अगदी हलके डोक्याकडे दाबा. सूर ठळकपणे मोठा झाला तर गळती आहे. हेच चष्मा काढून करा. चष्म्यासह आणि चष्म्याविना फरक ज्या संचात कमी, तो पहिल्या फेरीत पुढे. कानामागचे केस गादीत अडकले तरी हाच परिणाम होतो, तेव्हा तेही बाजूला घ्या. बारीक तारेच्या काड्यांचा जुना चष्मा असेल तर त्यानेही करून बघा, कधीकधी हेडफोनपेक्षा फ्रेम बदलणं स्वस्त पडतं.

घुमटवासी:

+१. गळतीची चाचणी आधी, बाकी सगळं नंतर.

कॅन्सलेशनची तुलना अशी करा. एक बऱ्यापैकी मोठा स्पीकर घ्या. फोनचा स्पीकर अजिबात नको, तो साधारण २०० हर्ट्झच्या खाली जवळपास मुकाच असतो, आणि आपल्याला तपासायचं आहे ते नेमकं तिथलं. स्पीकर दोन मीटरवर ठेवून ब्राउन नॉइज लावा. फोनमधल्या आवाजमापक ॲपवर बसायच्या जागी ६५ ते ७० डेसिबल दिसेपर्यंत आवाज वाढवा. ॲपचा आकडा काटेकोर नसतो, पण दोन्ही संचांना पातळी सारखीच ठेवायची आहे, तेवढ्यासाठी चालतो. मग प्रत्येक संच घालून तीस सेकंद कॅन्सलेशन बंद, तीस सेकंद चालू. बंद असताना जो फरक दिसतो तो निव्वळ गादीचा. चालू केल्यावर आणखी जे जातं ते चिपचं. हे दोन वेगळे लिहून ठेवा.

८०, १२५, २५०, ५०० अशा एकेका सुरावर तपासावंसं वाटेल. बंद खोलीत तसं करू नका. सलग सुराच्या लाटा भिंतींवरून परतून एकमेकींत मिसळतात आणि खोलीत कुठे आवाज साचतो, कुठे पोकळी पडते. डोकं वीतभर हललं तरी सूर लहानमोठा होतो आणि आपण त्याचं श्रेय हेडफोनला देऊन बसतो. सूर हवाच तर हेडफोनच्या आतून लावा, वर कानसेन यांनी सांगितलंय तसा. बाहेरून लावायचा तो गोंगाटच.

आणखी तीन गोष्टी, परीक्षणांत ज्यांना एकेक ओळ मिळते.

हिस्स आवाज: रात्री शांत खोलीत, संगीत न लावता, कॅन्सलेशन चालू. मायक्रोफोन आणि चिप यांचा स्वतःचा बारीक फुसफुसाट ऐकू येतो का? दिवसा कळणार नाही. रोज सहा तास वापरणाऱ्याला तो चौथ्या दिवशी छळायला लागतो.

वारा: टेबलफॅन एका मीटरवर, बाजूने. बाहेरच्या मायक्रोफोनच्या छिद्रावर वारा घासला की खरखर आत येते. काही संचांत वाऱ्यासाठी वेगळी सोय असते, पण ती बहुधा बाहेरचे मायक्रोफोन दबवूनच काम करते, म्हणजे त्या वेळी घरघरही थोडी परत येते.

धक्का: हेडफोन घालून जोरात पावलं टाका, दार आपटा. कप हलला की आत अतिशय खालच्या कंप्रतेचा दाबाचा फटका बसतो. आतला मायक्रोफोन त्याने भरून जातो आणि 'धप्' किंवा 'कट्' असा आवाज येतो. चालताना प्रत्येक पावलाला असं होत असेल तर कप डोक्याला नीट बसलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

कानात दडा बसल्यासारखं वाटलं तर घाबरू नका. हवेचा दाब खरोखर वाढलेला नसतो. खालचे सूर एकाएकी नाहीसे झाले की मेंदू तो दाबातला बदल समजतो. काहींना दोन दिवसांत सवय होते, काहींना कधीच होत नाही. दुसऱ्या गटात असाल तर कॅन्सलेशनची तीव्रता कमी करता येते का, हे ॲपमध्ये बघा.

तारेवरचा:

बैठकांबद्दल कोणीच बोललं नाही, आणि तक्रारी सर्वांत जास्त तिथल्याच असतात.

लॅपटॉपवर ब्लूटूथने गाणं छान वाजत असतं. बैठक सुरू झाली की आवाज एकदम डबक्यातून आल्यासारखा होतो आणि माणसं 'हेडफोन खराब निघाला' म्हणून परत करतात. खराब काही नसतं. हेडफोनचा मायक्रोफोन चालू होताच ब्लूटूथ संगीताची वाट सोडून संभाषणाच्या वाटेवर जातं. तिथे आवाज मोनो होतो (दोन्ही कानांना एकच) आणि सॅम्पलिंग, म्हणजे सेकंदाला आवाजाचे नमुने घेण्याचा वेग, १६ किलोहर्ट्झवर येतं, म्हणजे ८ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं कापलं जातं. जुन्या यंत्रांत तर ८ किलोहर्ट्झच. उपाय सोपा: बैठकीच्या ॲपमध्ये ऐकण्यासाठी हेडफोन आणि बोलण्यासाठी लॅपटॉपचाच मायक्रोफोन निवडा. संगीताची वाट तशीच राहते. भोवती गलका असेल तेव्हा मात्र हेडफोनचाच मायक्रोफोन बरा.

तो तपासताना नुसतं 'हॅलो हॅलो' नको. पंखा लावून, शेजारी कोणाला तरी बोलत ठेवून, 'चटईला टाचणी टोचली' तीनदा म्हणा, मग स, श भरलेली दोन-चार वाक्यं वाचा, आणि ध्वनिमुद्रण दुसऱ्या स्पीकरवर ऐका. गोंगाट काढणारी आज्ञावली तुमचीही व्यंजनं खाते का, वाक्याचा पहिला शब्द गिळते का, हे लगेच कळतं.

दोन उपकरणं एकाच वेळी जोडल्यावर: लॅपटॉपवर बैठक चालू असताना फोनवर संदेशाची टिंग वाजू द्या. बैठकीचा आवाज तुटतो का? किती सेकंद? मग फोनवर कॉल घ्या, संपवा, आणि लॅपटॉपचा आवाज आपोआप परत येतो का बघा. हे तुमच्याच दोन यंत्रांवर करायचं. दुसऱ्याच्या फोनवरचा निष्कर्ष इथे कुचकामी.

तारेचंही बघून ठेवा, विमानात सीटपुढच्या पडद्याला लागते. एक्सएम५ ला ३.५ मिलिमीटरचं भोक आहे, पण यूएसबी-सी फक्त चार्जिंगपुरतं. मोमेंटम ४ यूएसबी-सीवरून थेट वाजतो, मात्र त्याची ॲनालॉग तार हेडफोनच्या टोकाला २.५ मिलिमीटरची असते, म्हणजे घरातली जुनी ३.५-३.५ ची तार बसणार नाही. सोबतची हरवू नका.

चष्मिष:

गळतीची चाचणी आधीच्या साध्या हेडफोनवर आत्ताच करून बघितली. चष्म्यासह आणि चष्म्याविना फरक धक्कादायक आहे.

दोन उपप्रश्न. एक्सएम५ मध्ये एलडॅक (ब्लूटूथवरून आवाज आकसून पाठवायची एक पद्धत, कोडेक) आहे, मोमेंटममध्ये नाही, त्यावर किती भर द्यावा? आणि रोजच्या वापराला बॅटरी ३० तासांची विरुद्ध ६० तासांची, हा फरक मोठा आहे का?

तारेवरचा:

एलडॅकवर भर अजिबात देऊ नका. आधी फोन कोणता ते बघा. आयफोनवर एलडॅकही नाही आणि ॲप्टएक्स हा दुसरा कोडेकही नाही, दोन्ही संच एएसी या साध्या कोडेकवरच चालतील. ॲंड्रॉइडवर एलडॅक ३३०, ६६० आणि ९९० किलोबिट अशा तीन पायऱ्यांवर चालतं. ९९० वर गर्दीच्या ठिकाणी, जिथे वायफाय आणि इतरांचे ब्लूटूथ एकाच २.४ गिगाहर्ट्झमध्ये खेटून बसलेले असतात, आवाज तुटतो. ६६० वर ठेवलं की प्रश्न बहुधा मिटतो. मोमेंटम ४ मध्ये ॲप्टएक्स ॲडॅप्टिव्ह आहे, पण त्यालाही समोरचा फोन तसा लागतो. एसीच्या घरघरीत बसून यातला फरक सांगणारा कान विरळा.

संगीताची तुलना करताना एक मात्र पाळा: दोन्हींचा आवाज सारखा ठेवा. एखादा डेसिबल जास्त असलेला संच 'जास्त मोकळा, जास्त खोल' वाटतो आणि माणूस त्याच्याच प्रेमात पडतो. दोन्ही ॲपमधलं इक्वलायझर सपाट करा, एकाच गाण्याचा तोच अर्धा मिनिट ऐका, आणि शंका आली तर जो जोरात वाटतो त्याचा आवाज एक पायरी खाली आणा.

पानापक्कड:

बॅटरीचं गणित करू. रोज साडेसहा तास, वर्षाला ३०० दिवस, म्हणजे १९५० तास. ३० तासांच्या संचाला वर्षाला ६५ पूर्ण चार्ज, ६० तासांच्याला ३३. लिथियम-आयन बॅटरी साधारण ३०० ते ५०० पूर्ण फेऱ्यांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांवर येते असं धरतात. म्हणजे फेऱ्यांमुळे दोन्हीपैकी एकही लवकर मरत नाही. मरते ती उष्णतेने आणि पूर्ण भरून महिनोन्‌महिने पडून राहिल्याने. ६० तासांचा खरा फायदा एवढाच की चार्जिंगची आठवण आठवड्यातून एकदाच ठेवावी लागते.

बॅटरीच्या आधी जाते ती गादी. घाम आणि डोक्याचं तेल यांनी कृत्रिम चामड्याचा थर फुगतो, मग पापुद्रे सुटतात. रोज सहा तास म्हटल्यावर दीड-दोन वर्षांत वेळ येते असं समजा. म्हणून गादी खाचांत बसवलेली आहे का, कंपनीची सुटी मिळते का, हे आत्ताच बघा. दुसऱ्या बनावटीच्या जाड, मऊ गाद्यांचा मोह टाळा. गादी दोन-तीन मिलिमीटरने जाड झाली की कान, ड्रायव्हर (कपातला छोटा स्पीकर) आणि आतला मायक्रोफोन यांच्यातलं अंतर आणि पोकळी बदलते. कॅन्सलेशन मूळ गादीच्या हिशेबाने जुळवलेलं असतं, ते ढिलं पडतं आणि खालचे सूरही बिघडतात. काम झालं की गादी कोरड्या फडक्याने पुसा, अल्कोहोलने नको.

वजन: एक्सएम५ सुमारे २५० ग्रॅम, मोमेंटम ४ सुमारे २९३. पण वजनापेक्षा ते टेकतं कुठे ते बघा. सलग दोन तास घाला, दहा मिनिटांत काही कळत नाही. टाळूवर एकाच जागी ठणका लागला तर पट्टा थोडा सैल करून कप किंचित खाली घ्या. कानाची पाळी आतल्या जाळीला टेकत असेल तर त्यावर उपाय नाही, तो संच परत करा. चष्म्याच्या काडीखाली कानशिलावर वळ उठला तर पकड तुम्हाला जास्त आहे. काही आठवड्यांत ती थोडी सैलावते, पण त्या भरवशावर ठेवून घेऊ नका.

दोन्ही संच घडी घालून चेंडूसारखे होत नाहीत, कप फक्त सपाट वळतात. पिशवीत जागा किती आहे, खोक्यासकट मोजा.

चष्मिष:

आणखी एक. आधीचा हेडफोन घालून उशीवर कुशीला झोपलं की बारीक शिट्टी येते. नव्या संचांतही येईल का?

कानसेन:

येऊ शकते. कप उशीत दाबला की आतली हवा आणि गादीचं बसणं बदलतं, आतल्या मायक्रोफोनने ऐकून स्पीकरला परत पाठवायचं जे चक्र असतं त्याचा तोल जातो आणि ते स्वतःच शीळ घालू लागतं. सभागृहात माइक स्पीकरसमोर नेल्यावर होतं तेच, छोट्या प्रमाणात. बाहेरचं छिद्र तळहाताने झाकल्यावरही काही संचांत ऐकू येतं. दोन्ही संच एकदा उशीवर लोळून बघा. नुसतं ताठ बसल्यावर, काही न दाबता शिट्टी आली तर मात्र तो नग सदोष आहे, त्याच मॉडेलचा दुसरा मागवा.

घुमटवासी:

आणि पहिल्या दिवशी फर्मवेअर (हेडफोनमधली आज्ञावली) अद्ययावत करून टाका, मगच चाचण्या. मध्येच अपडेट झालं तर कॅन्सलेशनची जुळवणी बदलू शकते आणि आधीच्या दिवसांच्या नोंदी नव्याशी ताडता येत नाहीत. दहा दिवस संपेपर्यंत आपोआप होणारं अपडेट बंद ठेवा. खोकी, पिशव्या, तारांच्या गुंडाळ्या मात्र फेकू नका.