मेळघाटच्या वणव्यावर हेलिकॉप्टर मागणाऱ्यांना माझं उत्तर

गाविलगडकर

काल इथे एका भाऊंनी जळत्या डोंगराचा व्हिडिओ टाकून लिहिलं, "उत्तराखंडात हवाई दलाचं हेलिकॉप्टर पाणी टाकतं, मग मेळघाटानं काय पाप केलं? आपल्या जंगलाची किंमतच नाही कोणाला." खाली सगळ्यांची होला हो. मी वायुदलात हेलिकॉप्टरच्या देखभालीत उमेदीची वर्षं घालवली, आता परतवाड्याजवळ संत्र्याची बाग करतो. ती पोस्ट वाचून झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

उंची वाढली की हवा विरळ होते, तापली की आणखी विरळ. चिखलदरा अकराशे मीटरच्या आसपास. तिथे पारा ३८ वर असेल तर पात्यांना मिळणारी हवा जवळजवळ २,२०० मीटर उंचीवरची असते. इंजिनाचा जोर घटतो, पात्यांची उचल घटते, आणि नेमकं तेव्हाच खाली पाण्याची बादली लटकवायची. हवाई दलाच्या एमआय-१७ व्ही-५ हेलिकॉप्टरची बांबी बकेट, म्हणजे ही लटकती बादली, ३,५०० लिटरची, म्हणजे साडेतीन टन. ती भरताना तलावावर एका जागी अधांतरी थांबावं लागतं, आणि सगळ्यात जास्त ताकद त्यातच जाते. संथ पाण्यावर उंचीचा अंदाज फसतो. बेताच्या वेगानं सरळ खाली उतरताना यंत्र आपल्याच पात्यांनी खाली लोटलेल्या हवेत सापडलं तर पॉवर वाढवली तरी ते खालीच जातं. तिथून सुटायला उंची लागते, आणि वणव्यावर तीच नसते.

शिवाय धूर, धुरात लपलेल्या विजेच्या तारा, कड्याच्या पलीकडच्या अंगानं खाली कोसळणारा वारा. रिकामी बादली घेऊन वेगात निघालं तर ती मागे उडून शेपटीच्या पंख्याला लागू शकते.

५ ऑगस्ट २००८ ला कॅलिफोर्नियाच्या ट्रिनिटी आल्प्समध्ये वणव्याच्या कामावरचं सिकॉर्स्की हेलिकॉप्टर उडताच कोसळलं, १३ पैकी ९ जण गेले. तपासात निघालं की यंत्राचं वजन कागदावर कमी दाखवलं होतं. जुलै २०२२ मध्ये आयडाहोत नदीतून पाणी भरताना चिनूक हेलिकॉप्टर पडलं, दोन्ही वैमानिक गेले. कॉकपिटमधला टॅबलेट घसरून पेडलपाशी अडकला होता. ऑगस्ट २०२३ मध्ये एकाच आगीवरची दोन हेलिकॉप्टरं हवेत धडकली, तिघे गेले. मार्च २०२५ मध्ये दक्षिण कोरियात उईसोंगला वैमानिक गेला, पुढच्याच महिन्यात देगूला आणखी एक.

एवढं करून पदरात काय पडतं? एक लिटर पाणी म्हणजे एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर. ३,५०० लिटर एकरभर पसरले तर मिलिमीटरसुद्धा भरत नाही. वरून टाकलं तर वाऱ्यावर उडतं, खाली येऊन टाकलं तर पंख्याचा वारा आगीला फुंकर घालतो. आपली आग पाल्यापाचोळ्याची, जमिनीलगत सरकणारी. ती ब्लोअरनं (पाला उडवून बाजूला सारणारं यंत्र) आणि जाळरेषेनं (पाला आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा) अडते. त्यासाठी वैमानिकाचा जीव पणाला लावू नका.

सेमाडोहची_पोर

काका, वैमानिकाच्या जिवाची काळजी वाचली. ब्लोअर आणि जाळरेषा या दोन शब्दांत तुम्ही जी माणसं उरकून टाकली, त्यांच्याबद्दल मी लिहिते.

माझे बाबा हंगामी फायर वॉचर होते, म्हणजे आगीवर लक्ष ठेवायचं आणि ती विझवायची. उतारावरची आग विझवायला पायात प्लास्टिकची चप्पल, हातात हिरवी फांदी आणि पाच लिटरची कॅन. एकदा पहाटे घरी आले तेव्हा चप्पलचा पट्टा वितळून घोट्याला चिकटलेला होता. आईनं खोबरेल तेल लावून तो सोडवला, कातडी सोबत आली. बूट मागितले होते, मिळाले नाहीत. त्या आठवड्याचं काम बुडालं, मजुरीही बुडाली.

८ एप्रिल २०२१ ला नागझिऱ्यात आग विझवताना तीन वनमजूर जळून मेले. हे आपल्या विदर्भातलं, गोंदिया जिल्ह्यातलं. तुम्ही कॅलिफोर्नियापर्यंत गेलात, नागझिऱ्यात थांबला नाहीत. जून २०२४ मध्ये अल्मोड्याच्या बिनसरला चार वनकर्मचारी जागीच गेले. २०१८ मध्ये तामिळनाडूत कुरंगणीला पोरं ट्रेकिंगला गेली होती आणि वणव्यात सापडली. जमिनीवरचं काम सुरक्षित आहे असं ठरवून तुम्ही हिशेब मांडलाय, म्हणून तो जुळतो.

पेंचवाला

ताईशी शंभर टक्के सहमत. मार्च २०२२ मध्ये राजस्थानात सरिस्काला दोन एमआय-१७ नी सिलीसेढ तलावातून पाणी उचललं. ते जंगलही आपल्यासारखंच कोरडं, पानगळीचं. एप्रिल २०२४ ला नैनितालसाठी भीमतालातून उचललं. जानेवारी २०२१ ला नागालँडच्या झुकू दरीत, ती तर २,४०० मीटरच्या वर. काका, तिथे उडतं तर अकराशे मीटरवर का उडू नये? आणि मार्च-एप्रिलमध्ये आपला साग नागडा असतो, वरून टाकलेलं पाणी थेट पाल्यावर पडतं.

गाविलगडकर

झुकूला जानेवारीत काय थंडी असते ते तिथे राहिलेल्याला विचारा. थंड हवा दाट असते. नैनितालचा एप्रिल आणि आपल्या मेळघाटातल्या धारणीचा एप्रिल एका मापानं मोजू नका. सागाचं म्हणणं बरोबर आहे, पण बांबूच्या बेटांचं काय? मशीन उडतं, मी नाही कधी म्हटलं? प्रश्न हाताशी किती ताकद शिल्लक राहते त्याचा आहे. बादली अर्धी भरायची तर फेऱ्या दुप्पट, आणि प्रत्येक फेरीला तोच धोका.

वऱ्हाडी_गडी

राजेहो, ते हेलिकॉप्टर ठेवा बाजूले. आग लागतेच काऊन, हे कोनी बोलून नाही राह्यलं. मार्च लागला का मोह टपकाले लागते. फुलं साफ दिसली पाह्यजे म्हनून झाडाखालचा पाला पेटवून देतात अन् घरी जातात. सकाळी पाहा तं आग टेकडीच्या त्या बाजूले. माह्या वावराच्या धुऱ्यापर्यंत आली मागं, ठिबकच्या नळ्या सगळ्या जळाल्या, सागाच्या बल्ल्या जळाल्या. पंचनामा झाला, पैसा अजून नाही भेटला. काडी लावनाऱ्याले कोनी विचारत नाही, आनि तुमी बादली मोजता.

मोहाखालचा

आलं शेवटी आदिवासीवर. मी याचीच वाट पाहत होतो.

मोह रात्रीतून गळतो. बाया अंधारात उठून वेचायला बसतात, दुपारपर्यंत पाठ वाकलेली. वाळल्या पाल्यात फूल दिसत नाही, आणि पाल्याखाली साप, विंचू असतो. म्हणून काही जण पाला जाळतात, बरेच जण झाडून गोळा करतात. जंगल जळालं तर सगळ्यात आधी आमचा मोह, आमची चारोळी जाते. विडीच्या तेंदूपानाचं का नाही बोलत? आग लागली की तेंदूला कोवळी पानं फुटतात, हे ठेकेदाराच्या माणसांना चांगलं ठाऊक आहे. आणि गाडीतून सिगारेट फेकणारे पर्यटक? व्याघ्र प्रकल्पासाठी कोहा, कुंड, बोरी ही गावं उठवली. तिथे आता छातीएवढं गवत. ते पेटलं तर कोणत्या मोहवाल्याचं नाव घेणार?

वऱ्हाडी_गडी

भाऊ, म्या आदिवासी हा शबुदच नाही लिवला. आमच्या गावात कुनबी बी मोह येचतात, तेली बी येचतात. काडी कोनाचीबी असो, नुकसान माह्या वावराचं झालं. तुमाले राग कायचा आला ते सांगा.

मोहाखालचा

राग याचा, की दरवर्षी आग लागली की पोलिसाची गाडी आमच्या ढान्यातच, वस्तीतच येते, तेंदूच्या गोदामावर जात नाही.

निवृत्त_वनपाल

दोघंही थांबा. मी पूर्ण नोकरी जंगलात काढली आहे. १९२७ च्या वन अधिनियमात राखीव जंगलात आग लावणं गुन्हा आहे, पण काडी लावणारा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय केस उभी राहत नाही. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडून उपग्रहाचा इशारा मोबाईलवर येतो, ते टिपण ३७५ मीटरच्या चौकोनाचं. त्यात कोणत्या झाडाखाली काडी पडली ते कसं कळणार? आणि इशारा येईपर्यंत आग पुढे गेलेली असते.

आगीचा हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होतो, जाळरेषा त्याआधी जाळून झाल्या पाहिजेत. मजुरीचे पैसे उशिरा आले की रेषा उशिरा, आणि मग रेषा जाळतानाच आग सुटते. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि ते बोललो म्हणून ऐकूनही घेतलं आहे. मोहाखाली जाळी बांधली तर फूल जाळीवर पडतं, पाला जाळावाच लागत नाही, मालही स्वच्छ मिळतो. जाळ्या वाटा, निम्म्या भांडणाचं कारण संपतं.

मोहाखालचा

जाळ्यांचं पटतं. पण वाटणार कोण? एका गावाला दहा जाळ्या येतात आणि त्या सरपंचाच्या नातेवाइकांत जिरतात. ज्या गावाकडे सामूहिक वनहक्क आहे, म्हणजे जंगल राखायचा आणि वापरायचा हक्क ग्रामसभेकडे आहे, तिथे बघा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेनं तेंदू तोडायचंच बंद केलं, कारण त्यासाठी झाडं छाटतात आणि आगी लावतात. बांबूवर पोट भरतात. आपल्या अचलपूर तालुक्यातलं पायविहीर घ्या, उजाड टेकडी राखून २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार घेतला. जंगल आपलं आहे म्हटल्यावर माणूस आग विझवायला स्वतः धावतो.

वऱ्हाडी_गडी

पायविहीर म्या पाह्यलं हाये, ते खरं हाये. पन सगळी गावं पायविहीर नसतात. आमच्याकडं वनहक्काचा दावा टाकला, फाइल कुठं गेली पत्ता नाही. तोवर माह्या नळ्या कोन भरून देईल?

सेमाडोहची_पोर

मोहाचं भांडण वर्षभर चालेल. गाविलगडकर काका, माझ्या प्रश्नाला उत्तर आलं नाही. बादली नको म्हणता, ठीक. पण दरीत माणूस भाजला तर? डोलीत घालून, मग जीपमधून, अमरावतीला पोचेपर्यंत काय होतं ते आम्हाला माहीत आहे. निवडणुकीत गडचिरोलीला मतदान पथकं न्यायला हवाई दलाचं एमआय-१७ येतं. भाजलेल्या मजुरासाठी का येऊ नये?

गाविलगडकर

जखमींना उचलण्याला माझा विरोध नाही, आणि ते मी आधीच लिहायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल तर म्हणा. ते काम वेगळं. धुरात, उतारावर अधांतरी थांबायचं नसतं. पण त्यालाही तयारी लागते. एमआय-१७ चा पंखा २१ मीटरचा, भोवती त्याहून बरीच मोकळी जागा हवी. जवळ तार नको, सुटे टिनपत्रे नकोत, कुटाराचे ढीग नकोत, सगळं उडतं. उतार नको. अशा जागा फेब्रुवारीच्या आधी पाहून नकाशावर टाकाव्या लागतात. आग लागल्यावर मैदान शोधत बसलं तर दिवस मावळतो. बादलीबद्दलचं माझं मत कायम आहे.

पेंचवाला

मग पाणी कुठून उचलायचं तेही त्याच नकाशावर टाका. शहानूर धरण आहे, चंद्रभागा धरण आहे. वापरायचं की नाही ते वैमानिक ठरवेल.

गाविलगडकर

टाका. पण बुडीत क्षेत्रातले वाळके बुंधे कुठे उभे आहेत आणि तारा कुठून जातात हे आधी होडीनं फिरून तपासा. वैमानिक नाही म्हणाला तर दुसऱ्या दिवशी इथे त्याला भित्रा म्हणू नका.

सेमाडोहची_पोर

काका, उतरण्याच्या जागेला काय काय लागतं ते मुद्देसूद लिहून पाठवा. येत्या ग्रामसभेत ठराव मांडते, शाळेमागच्या मैदानाचा. बुटांची मागणी त्याच ठरावात घालणार आहे. वनपाल काका, तुम्ही जाळ्यांचं लिहून द्या.