खाऱ्या वाऱ्यात कॅमेरा : आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

बी-१०४ : रविवारी सगळे आरे-वारेला जातोय ना, म्हणून विचारते. मुलाला नवा कॅमेरा घेतलाय, मिररलेस, सोबत १८-५५ ची लेन्स. समुद्रावर न्यावा की नाही? खारं पाणी उडालं तर लेन्स जाईल अशी भीती वाटते.

ए-२०१ : लेन्सच्या पुढे यूव्ही फिल्टर, म्हणजे अतिनील किरण अडवणारी काच, लावून टाका वहिनी. मग बिनधास्त.

ए-३०२ : फिल्टर जरूर लावा, पण त्याच्यावर सगळा भार टाकू नका. डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सरच्या पुढे अतिनील किरण अडवणारी काच आधीच असते, त्यामुळे फोटो काही सुधारत नाही. तुषार आणि वाळू पुढच्या काचेवर बसू नये एवढंच त्याचं काम, आणि किनाऱ्यावर ते मोलाचं आहे. मावळता सूर्य किंवा दिवे समोर आले की मात्र काढा, नाहीतर फोटोत हिरवट ठिपके उमटतात. हूड (लेन्सच्या तोंडावरची पुढे आलेली कडा) असेल तर ते उलटं चढवून फिरू नका, सुलटं लावा. नसेल तर घ्या. तुषार, बोटांचे ठसे, आडवं ऊन, धक्का, सगळ्याला आडवं तेच येतं.

बी-१०४ : आणि तरी पाणी उडालंच तर?

ए-३०२ : लगेच रुमालाने, ओढणीने पुसायचं नाही, हे मुलाला आधी सांगा. खारं पाणी वाळलं की मिठाचे कण राहतात, आणि कोरडं घासलं की तेच काचेवरच्या कोटिंगवर ओरखडे काढतात. आधी रबरी ब्लोअरने वाळू उडवायची. तोंडाने फुंकर नको, थुंकीचे कण बसतात. मग मायक्रोफायबरच्या कापडावर लेन्स पुसायच्या द्रावणाचे दोन थेंब घ्यायचे (थेट काचेवर नाही, कडेने आत उतरतात) आणि मधून कडेकडे गोल फिरवत हलक्या हाताने पुसायचं. घरी आल्यावर बॉडी आणि लेन्सची नळी गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडाने पुसायची, मग कोरड्याने. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून ते रात्रभर तसंच राहू द्यायचं नाही. पट्टा आणि बॅगही विसरू नका.

किनाऱ्यावर लेन्स बदलायची नाही. बदलायचीच तर गाडीत, काचा वर करून, कॅमेऱ्याचं तोंड खाली.

सी-४०३ : काका, गाडीतून उतरलं की माझ्या लेन्सवर धुकं धरतं. पुसलं तरी परत येतं.

ए-३०२ : एसीने काच गार झालेली असते, बाहेरची दमट हवा लागली की तिच्यावर दव धरणारच. पुसत बसू नकोस. पोचायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी एसी बंद कर, काचा खाली कर, कॅमेरा बॅगेतच बंद राहू दे. बाहेरच्या हवेइतका गरम झाला की मग काढायचा.

ए-२०१ : एवढे सोपस्कार करण्यापेक्षा कपाटातच ठेवलेला बरा.

ए-३०२ : नाही दादा, याच्याशी मी अजिबात सहमत नाही. आपल्या रत्नागिरीत समुद्रापेक्षा कपाटच जास्त लेन्स खातं. हवेतली आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर राहिली की लेन्सच्या आतल्या काचांवर बुरशी धरू शकते. आपल्याकडे पावसाळ्यात ती कित्येक दिवस ऐंशीच्या वर असते. त्यात काळोख, कोंडलेली हवा आणि चामड्याचं कव्हर. बुरशीला याहून काय हवं? वापरात असलेल्या लेन्सला निदान उजेड-वारा लागतो. चामड्याच्या केसमध्ये तर ठेवूच नका, ती ओल धरून बसते.

सी-४०३ : बाबांच्या जुन्या कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये आत पांढरे धागे दिसतात, कोळ्याच्या जाळ्यासारखे. तेच का हे?

ए-३०२ : बहुतेक तेच. मागून टॉर्च लावून पुढून बघ, फांद्या फुटल्यासारखे दिसले तर नक्की. बाहेरून पुसून ते जायचे नाहीत, लेन्स उघडून साफ करावी लागते. लवकर लक्षात आलं तर काच स्वच्छ निघते. बुरशीने कोटिंग खाल्लं असेल तर डाग राहतो, पण थोडासा डाग फोटोत सहसा दिसतही नाही, तेव्हा टाकून देऊ नकोस. तोवर ती दुसऱ्या लेन्ससोबत एका बॅगेत नको.

बी-१०४ : आमच्या कपाटात डांबरगोळ्या असतात, त्याने बुरशी येत नाही ना? की तांदळात ठेवू?

ए-३०२ : दोन्ही नको. डांबरगोळीची वाफ काचेवर थर धरते. तांदळाची पूड फटीफटीत जाते, आणि ओलावा तो फारसा शोषतही नाही.

पापड-फेण्यांसाठी चार बाजूंना क्लिपा असलेला हवाबंद डबा मिळतो ना, तसला एक मोठा घ्या. त्यात सिलिका जेल आणि लहानसा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहिला की झालं. फार कोरडंही नको, ३० च्या खाली बराच काळ राहिलं तर रबर आणि आतलं वंगण सुकतं. सिलिका जेल नारंगी रंगाचं घ्या. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी. रंग बदलला की १२० अंशांच्या आसपास तापवायचं, पहिला रंग परत आला की पुन्हा वापरायचं. भांडं मात्र वेगळं ठेवा, स्वयंपाकाचं अजिबात नको. लेन्स दोन-तीन झाल्या की विजेवरचं ड्राय कॅबिनेट घेणं परवडतं. पावसात वीज गेली तरी घाबरू नका, दार उघडलं नाही तर आतला कोरडेपणा बराच वेळ टिकतो.

पावसाचे चार महिने कॅमेरा बांधून ठेवू नका. उघडीप मिळाली की बाहेर काढा, झूम फिरवा, चार फोटो काढा.

सेक्रेटरी : चांगली माहिती. रविवारी सकाळी आधी उक्षीला कातळशिल्पातला हत्ती बघायचाय, त्याचे फोटो कसे काढायचे तेही सांगा. मागच्या वेळी सगळ्यांचे फोटो सपाट आले होते.

ए-३०२ : भर उन्हात सपाटच येणार. जांभ्यावर कोरलेल्या त्या उथळ रेषा. सूर्य डोक्यावर असला की खोबणीत सावलीच पडत नाही. उन्हं तिरपी असतात तेव्हा एकेक रेघ उठून दिसते. उजेड डावी-उजवीकडून येईल असे उभे राहा, पाठीमागून नको. लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/८ ला ठेवा म्हणजे हत्ती या टोकापासून त्या टोकापर्यंत रेखीव येईल.

आणि कळकळीची विनंती, रेषा उठाव्यात म्हणून खडू, चुना किंवा पाणी टाकायचं नाही, कोरीवकामावर पाय द्यायचा नाही. कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. हजारो वर्षं उन्हापावसात टिकलेलं आपल्या एका फोटोसाठी खराब व्हायला नको.

सी-४०३ : आणि आरे-वारेला लाटा?

ए-३०२ : खडकावर फुटलेल्या लाटेचा थेंबन् थेंब हवा तर शटर १/१००० सेकंद. परतणाऱ्या पाण्याच्या लांब रेषा हव्या तर १/४ च्या आसपास, आणि ट्रायपॉड. त्याचे खालचे टप्पे आधी उघड म्हणजे लॉक वाळूत रुतत नाहीत. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धू. दहा स्टॉपचा एनडी (उजेड कमी करणारा काळपट फिल्टर, दर स्टॉपला उजेड निम्मा) असेल तर १/६० चा शॉट सुमारे १६ सेकंदांचा होतो, समुद्र दुधासारखा येतो. मला स्वतःला रेषाच आवडतात, त्यात लाटेची ओढ कळते. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) सूर्य खांद्याच्या बाजूला, म्हणजे काटकोनात असला की सर्वांत जास्त चालतो. माडाच्या झावळ्यांवरची चकाकी गेली की त्यांचा खरा हिरवा दिसतो.

ए-२०१ : आमच्याकडे फक्त मोबाईल आहे.

ए-३०२ : मग तर सोपं. आधी काच पुसा, खिशातला तेलकटपणा तिच्यावर असतोच. सूर्यास्ताला आकाशावर बोट टेकवून उजेड कमी करा, रंग उतरणार नाहीत.

सेक्रेटरी : उक्षीसाठी सकाळी ८ ला गेटवर?

ए-३०२ : नको, साडेपाच. पहिली उन्हं कातळावर पडतील तेव्हा आपण सड्यावर हवं.

बी-१०४ : साडेपाच चालेल. चहाचा थर्मास मी घेते.