मुंजीची कॅसेट मोठ्या टीव्हीवर: सगळे आडवे का दिसतात?

गुळपोळी

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, आधीच सांगते.

माझ्या दादाची मुंज १९९४ साली सदाशिव पेठेतल्या एका कार्यालयात झाली. तिची व्हीएचएस कॅसेट आईने इतकी वर्षं साड्यांच्या कपाटात ठेवली होती. मध्यंतरी बाबांनी ती एका दुकानात देऊन पेनड्राइव्हवर उतरवून आणली. 'फुल एचडी करून देतो' म्हणून दुकानदाराने जादा पैसेही घेतले. फाइल १९२० बाय १०८० आहे.

घरी नवीन ६५ इंची फोरके टीव्ही आहे. त्यावर लावलं तर सगळे पसरट. आमची आजी आयुष्यभर किडकिडीत होती, ती व्हिडिओत चांगली खात्यापित्या घरची दिसते. कोणी हात हलवला की हाताच्या कडेला दातेरी आडव्या रेघा येतात. आणि चेहरे इतके गुळगुळीत, की मामाच्या गालावरचा देवीचा व्रणसुद्धा गायब.

रिमोटवरून आकार ४:३ (रुंदी चार, उंची तीन) केला की माणसं माणसांसारखी दिसतात, पण दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात आणि बाबा वैतागतात. 'पैसे ६५ इंचांचे मोजलेत, मधल्या तुकड्याचे नाही.' झूम केलं तर लोक जाडच राहतात, वर डोकी उडतात.

पट्टे न येता आकार बरोबर येईल असं काही आहे का? आणि एआयने खरंच स्पष्ट होतं का? दिवाळीला सगळे जमणार आहेत, तेव्हा लावायचंय.

दीडशहाणा

एवढं काय त्यात? टीव्हीत 'वाइड झूम' नावाचं काहीतरी असतं, ते लावा. मधली माणसं बारीक दिसतात, पडदाही भरतो. बाबा खूश, आजी खूश.

यूमॅटिक

दीडशहाणा, तो मोड एकदा मुंजीच्या पंगतीवर लावून बघा, मग बोलू. त्यात मधला भाग कमी ताणतात आणि कडा जास्त. म्हणजे कॅमेरा पंगतीवरून फिरायला लागला की प्रत्येक माणूस कडेला फुगतो, मध्ये आला की बारीक होतो आणि पलीकडे जाताना पुन्हा फुगतो. दोन मिनिटांत डोकं दुखतं.

गुळपोळीताई, माझी सगळी नोकरी एडिटिंगच्या खोल्यांमध्ये गेली, यूमॅटिकच्या जाड कॅसेटपासून डीव्ही या डिजिटल टेपपर्यंत. तुमच्या तक्रारी तीन आहेत, कारणंही तीन आहेत, पण त्यांचा क्रम चुकवून चालत नाही. लोक आधी एआयकडे धावतात. ते सगळ्यात शेवटी.

आधी आकार. कॅसेट ४:३ ची आहे. दुकानदाराने फाइल बनवतानाच ते चित्र ताणून १६:९ च्या चौकटीत कोंबलंय, त्यामुळे प्रत्येक वस्तू एक तृतीयांशाने रुंद झाली आहे. टीव्हीचा काही दोष नाही, त्याला मिळालं ते त्याने दाखवलं. खात्री करायची असेल तर कार्यालयाच्या भिंतीवरचं घड्याळ शोधा. औक्षणाचं ताट उपयोगाचं नाही, ते कायम तिरकं धरलेलं असतं. रिमोटवरून ४:३ केल्यावर घड्याळ गोल झालं, तर तुमचा मोड बरोबर आहे. बाबा काहीही म्हणोत.

आता बाबांसाठी हिशेब. ६५ इंची टीव्हीची उंची जवळजवळ ३२ इंच. त्या पूर्ण उंचीचं ४:३ चित्र कर्णावर मोजलं तर ५३ इंच भरतं. १९९४ साली ही कॅसेट तुम्ही ज्यावर पाहिली असेल तो २१ इंची टीव्ही साडेबारा इंच उंच होता. म्हणजे पट्टे धरूनही दादा तेव्हाच्या अडीचपट उंच दिसतोय. अजून किती पाहिजे?

पट्टे नकोत म्हणाल तर उरतं ताणणं, नाहीतर कापणं. ताणलेलं तुम्ही बघितलंच. कापायचं म्हणजे मूळ चित्राची पाव उंची जाते. मातृभोजनाचा प्रसंग काढून बघा. कॅमेरावाल्याने वर आईचा चेहरा, मध्ये बटूचा आणि खाली ताट अशी चौकट धरलेली असणार, कारण ती तशीच धरायची असते. पाव उंची काढलीत की आईचं कपाळ तरी जाईल, नाहीतर ताट तरी. मुंडावळ्या आणि पगड्या चौकटीच्या अगदी वरच्या कडेला असतात, तारखेची अक्षरं खालच्या. माझं मत विचाराल तर पट्टे ठेवा, आणि त्या जागी तेच चित्र अंधुक करून भरायचा जो प्रकार हल्ली बातम्यांच्या वाहिन्या करतात, तो करू नका. नजर सारखी तिकडे जाते.

तुमच्या टीव्हीचा १६:९ हा आकारसुद्धा तडजोडीचाच आहे. १९८० च्या दशकात कर्न्स पॉवर्स नावाच्या अमेरिकी अभियंत्याने चित्रपटांचे वेगवेगळे आकार एकमेकांवर ठेवून हा मधला आकार काढला. १.३३ (म्हणजे ४:३) आणि २.३५ (म्हणजे सिनेमास्कोप) यांचा गुणाकार करून वर्गमूळ घ्या, १.७७ येतं, म्हणजे जवळजवळ १६:९. त्यामुळे दूरदर्शन घ्या की सिनेमास्कोप, जुनं काहीही लावलं तरी पट्टे येणारच. फक्त ते बाजूला येतात की वर-खाली, एवढाच फरक.

दुसरं, दातेरी रेघा. हे जास्त गंभीर आहे. आपल्याकडच्या पाल या टीव्ही प्रसारणाच्या पद्धतीत सेकंदाला २५ चित्रं असली तरी प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत येतं. आधी विषम ओळी, मग एक पन्नासांश सेकंदाने सम ओळी. तेवढ्यात बटूचा हात हललेला असतो. जुना काचेचा टीव्ही ओळी त्याच क्रमाने रंगवायचा म्हणून ते कळायचं नाही. आजचा टीव्ही पूर्ण चित्र एकदम दाखवतो, म्हणून हे दोन हप्ते आधी सोडवून घ्यावे लागतात. याला डीइंटरलेस म्हणतात, आणि ते मोठं करण्याच्या आधी व्हायला हवं. तुमच्या दुकानदाराने ५७६ ओळींच्या तशाच १०८० करून टाकल्या. दोन्ही हप्त्यांच्या ओळी एकमेकींत मिसळल्या, आणि आता त्या कुठल्याच सॉफ्टवेअरला नीट वेगळ्या करता येणार नाहीत. म्हणून या फाइलवर मेहनत घेऊ नका. त्याच्याकडे जाऊन कॅसेटवरून थेट उतरवलेली मूळ फाइल मागा. ७२० बाय ५७६ असेल. 'ती लहान आहे, एचडी नाही' असं तो म्हणेल. म्हणू दे.

तिसरं, गुळगुळीत चेहरे. तुमच्या टीव्हीवर ४:३ चा जो भाग उरतो त्यात २८८० बाय २१६० ठिपके आहेत. मूळ फाइलमध्ये ७२० बाय ५७६. भागाकार बरोबर १५ येतो. पडद्यावरच्या दर १५ ठिपक्यांतला एक कॅसेटवरून आला, बाकी १४ कोणीतरी अंदाजाने भरले. आणि हा झाला कॅसेटवरून उतरवलेल्या डिजिटल फाइलचा हिशेब. व्हीएचएसवर आडवा तपशील जेमतेम २४० रेषांचा असतो, म्हणजे तो एक ठिपकाही अर्धामुर्धाच खरा. टीव्हीचा किंवा साधा अपस्केलर (चित्र मोठं करणारा) शेजारच्या ठिपक्यांची सरासरी काढतो. चित्र मऊ दिसतं, पण खोटं बोलत नाही. एआय मात्र हजारो दुसऱ्यांचे चेहरे बघून शिकलेलं असतं. त्याला मामाच्या गालावर डाग दिसला की कॅसेटची खरखर समजून तो पुसतो. जवळच्या चेहऱ्यांवर कधीकधी बरं काम होतं, पण मागे बसलेल्या बायकांना तो नवीनच डोळे काढून देतो. ज्यांना ओळखतच नाही अशा माणसांसाठी ठीक आहे. आजीसाठी मी करणार नाही.

मूळ फाइल मिळाली की हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. फुकट आहे. फिल्टर्समध्ये डीइंटरलेस निवडा, प्रीसेट 'बॉब', फ्रेमरेट ५०. २५ ठेवलात तर निम्मी हालचाल फेकून द्याल. दाखवायचं माप ४:३ आहे ना ते तपासा. आकार मोठा करू नका, ते काम टीव्ही करेल. टीव्हीत शार्पनेस शून्याजवळ आणा, हालचाल गुळगुळीत करणारं जे काही असेल ते बंद करा, नॉइज रिडक्शन कमी.

दीडशहाणा

वाचून दमलो, पण घरच्या टीव्हीवरचा वाइड झूम काढला. क्रिकेटची जुनी मॅच लावली होती, चेंडू सीमारेषेजवळ खरोखरच अंडाकृती व्हायचा.

गुळपोळी

यूमॅटिककाका, खूप खूप धन्यवाद. दुकानदाराकडे मूळ फाइल होती! आधी नाही म्हणाला, मग 'जुन्या हार्डडिस्कवर बघतो' म्हणाला आणि संध्याकाळी बोलावलं. ७२० बाय ५७६, एव्हीआय, भलीमोठी. तासाला साधारण १३ जीबी पडते.

तुम्ही सांगितलंत तसं केलं. रेघा गेल्या. आई ओवाळताना हात इतका सहज फिरतो की बाबा टीव्हीसमोर उभे राहून बघत होते. मामाचा व्रणही परत आला. (मामाला हे कळवलेलं नाही.)

आता दोन शंका. चित्राच्या अगदी तळाला एक पट्टी फाटल्यासारखी हलत राहते. आणि पेनड्राइव्हवरून लावलं की टीव्ही ४:३ ची फाइल असूनही परत ताणतो. त्या ठिकाणी आकार बदलायचा पर्यायच दिसत नाही, राखाडी झालाय.

यूमॅटिक

तासाला १३ जीबी म्हणजे ती डीव्ही पद्धतीची फाइल. दुकानदाराने पहिलं काम नीट केलं होतं की, मग पुढे घाण केली. ती फाइल दोन ठिकाणी ठेवा आणि कधीच उडवू नका. हँडब्रेकची फाइल पुन्हा बनवता येईल, ही नाही.

तळाची पट्टी व्हीएचएसची जन्मखूण आहे. व्हीसीआरच्या फिरत्या ड्रमवरचं टेप वाचणारं एक हेड जाऊन दुसरं येतं तो सांधा. १९९४ लाही होती, पण जुने टीव्ही चित्राच्या कडा चौकटीमागे लपवायचे म्हणून कोणी पाहिली नाही. हँडब्रेकमध्ये खालून आठ-दहा ओळी कापा, आणि प्रमाण बिघडू नये म्हणून डाव्या-उजव्या कडेच्या काळ्या रेघाही त्याच वेळी काढा. कापल्यावर पुन्हा घड्याळ बघा.

ताणण्याचं म्हणाल तर बरेच टीव्ही पेनड्राइव्हवरच्या फाइलमधली ४:३ ही खूण वाचतच नाहीत, नुसते ठिपके मोजतात. दोन उपाय. लॅपटॉप एचडीएमआयने जोडून व्हीएलसी प्लेअरवर लावा. तिथे 'ए' दाबत गेलं की आकार बदलतात, 'डी' ने डीइंटरलेस चालू-बंद होतं. किंवा, दिवाळीला लॅपटॉपची वायर कोणाच्या तरी पायात येणार हे नक्की असेल, तर हँडब्रेकमध्ये अ‍ॅनामॉर्फिक (ठिपके चौरस न ठेवण्याचा पर्याय) बंद करून ७६८ बाय ५७६ ची फाइल बनवा. मग ठिपके चौरस होतात आणि टीव्हीला ताणायला निमित्त उरत नाही. मी दुसरंच करेन.

पेटीवाला

धाग्यात घुसतोय, माफ करा. प्रभातच्या जुन्या अभंगांना मी घरी पेटीवर साथ करतो. एका डीव्हीडीवरचं गाणं पांढरी एकमध्येही बसत नाही, काळी एकमध्येही नाही. पेटी आत्ताच ट्यून करून आणलीय. यूट्यूबवर तेच गाणं बरोबर लागतं. हा टीव्हीचा प्रकार आहे का?

यूमॅटिक

टीव्हीचा नाही, पण नातं आहे. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांचा, आपली पाल पद्धत २५ ची. डीव्हीडी बनवताना बहुतेक वेळा सोपा मार्ग घेतात आणि चित्रपट थेट २५ च्या गतीने पळवतात. चार टक्के जोरात. आवाजही तेवढाच चढतो, म्हणजे एका पट्टीपेक्षा थोडा कमी. पांढरी एकचं गाणं काळी एकच्या जरा अलीकडे जाऊन थांबतं, तुम्ही सांगताय अगदी तसं. व्हीएलसीत गती ०.९६ करून बघा, पण सेटिंग्जमधलं वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारं टाइम-स्ट्रेच आधी बंद करा, नाहीतर लय उतरेल आणि सूर तिथेच राहील.

आणि ती डीव्हीडी काढलीच आहे तर आकारही बघा. प्रभात १९३३ साली कोल्हापूरहून पुण्याला आली, तेव्हाचे चित्रपट ४:३ च्या आसपासचे. 'नव्याने स्वच्छ केलेली प्रत' म्हणून पडदाभर मिळत असेल, तर वरून-खालून पाव चित्र गेलेलं आहे. श्रेयनामावलीत अक्षरं कडेला चिकटलीत का ते पहिल्या मिनिटातच कळतं.

गुळपोळी

७६८ बाय ५७६ ची फाइल चालली, पेनड्राइव्हवरून सरळ. घड्याळ गोल आहे, त्यात पावणेबारा वाजलेत.

बाबांचं पुढचं: काकूच्या डोहाळजेवणाची अजून एक कॅसेट सापडली आहे, पण खिडकीतून बघितलं तर टेपवर पांढरट ठिपके आहेत. ऑनलाइन एक छोटी डबी मिळते, पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिना घालायच्या आणि एचडीएमआय निघतं. शेजाऱ्यांचा व्हीसीआर आहे. ती आणून घरीच उतरवू, म्हणतायत.

यूमॅटिक

दोन्हीला नाही म्हणा.

पांढरट ठिपके म्हणजे बुरशी, पुण्याच्या पावसाळ्यात कपाटातल्या कॅसेटना हमखास धरते. तशीच लावलीत तर ती व्हीसीआरच्या हेडला लागेल आणि शेजाऱ्यांच्या बाकीच्या कॅसेटनाही. टेपही फाटू शकते. आधी साफ करून देणारा माणूस शोधा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत चौकशी केलीत तर कोणीतरी पत्ता सांगेल. तोवर कॅसेट कोरड्या जागी, उभी ठेवा.

आणि त्या स्वस्तातल्या डब्या ४:३ चित्र घेऊन ताणलेलं १६:९ बाहेर काढतात, सम-विषम ओळीही आतच मिसळून टाकतात. आत्ता जे दुकानदाराने केलं तेच घरी होईल, फक्त पैसे वाचतील. उतरवून देणाऱ्याला आधीच सांगा: ७२० बाय ५७६, इंटरलेस्ड, ४:३, बाकी काही सुधारणा नको. कागदावर लिहून द्या.