सुल्काटा कासवाचं पिल्लू : मीटर ६० दाखवतोय, तरी पाठीवर टेंगळं का येतायत?

निवांत७ :
सुल्काटाचं पिल्लू आहे, सात महिन्यांचं. आणलं तेव्हा ४२ ग्रॅम होतं, काल सकाळी ११८ भरलं. खातंय भरपूर, डोळे स्वच्छ, हातात घेतलं की चारही पाय झाडतं. पण पाठ बघवत नाही. दोन महिन्यांपासून कवचाचे खवले एकेक करून वर यायला लागलेत. आधी वाटलं उजेडाचा खेळ असेल. परवा पाण्यातून काढल्यावर पाठीवरून अंगठा फिरवला, तर प्रत्येक खवला उलट्या वाटीसारखा लागला.

व्यवस्था अशी : तीन फुटी काचेची टाकी, वर जाळी. जाळीवर १०० वॅटचा स्पॉट दिवा आणि युव्हीबी ट्यूब, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारी. खाली कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. काचेवर वरच्या बाजूला चिकटवलेला काट्याचा हायग्रोमीटर (हवेतली आर्द्रता मोजायचा मीटर) ५५ ते ६० टक्के दाखवतो. दिव्याखाली जमिनीवर ३६ अंश, दुसऱ्या टोकाला २८. रात्री सगळं बंद, खोलीचं जे असेल ते, म्हणजे २२-२३. दिवसातून तीनदा स्प्रे मारतो.

ज्यांनी दिलं ते म्हणाले, "वाळवंटातला प्राणी आहे, ओल दिलीत तर छाती भरेल. प्रोटीन कमी करा." अहो, गवत आणि पानांवरच आहे तो, आणखी काय कमी करू?

चारपायी :
आधी एक करा, तो काट्याचा मीटर काढून टाका. ते मीटर २० टक्क्यांनीसुद्धा चुकतात. डिजिटल घ्या, आणि त्याचीही परीक्षा घ्या : बाटलीच्या झाकणात मीठ, त्यात चिखल होईल इतकंच पाणी, झाकण आणि मीटर एका घट्ट बंद पिशवीत, रात्रभर. सकाळी ७५ दाखवायला हवा. माझा ६६ दाखवत होता. तेव्हापासून मनातल्या मनात ९ मिळवूनच वाचतो.

डोंगरवाला :
माझं पहिलं सुल्काटा आज २६ किलोचं आहे आणि घरातली पोरं त्याला 'डोंगर' म्हणतात, का ते तुम्ही ओळखलंच असेल. तोही "वाळवंटातला प्राणी" म्हणूनच वाढवला होता मी. कोरडी माती, कडक दिवा, आठवड्यातून एकदा पाणी. त्यामुळे तुम्हाला जे सांगितलं गेलं ते मी कुणाला तरी सांगितलेलं असण्याचीही शक्यता आहे. लाज वाटते, पण आहे ते आहे.

मोठं सुल्काटा रखरखीत प्रदेशातलं, हे खरं. पण तेसुद्धा उन्हाच्या कडाक्यात बिळात जाऊन बसतं, आणि बिळातली हवा बाहेरच्यासारखी कोरडी नसते. पिल्लं तर पावसाळ्याच्या आसपास बाहेर येतात आणि दिवसाचा बराच वेळ गवताच्या बुंध्याशी, ओल्या मातीत दडून काढतात. आपण बाहेरचं ऊन तेवढं आणलं, बीळ आणलंच नाही.

प्रोटीनचं म्हणाल तर २००३ साली सुल्काटाच्या पिल्लांवरच एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वेगवेगळी आर्द्रता, वेगवेगळं प्रोटीन देऊन वाढवली. टेंगळांवर मोठा परिणाम आर्द्रतेचा निघाला, प्रोटीनचा किरकोळ. तेव्हा बिचाऱ्याची पानं कमी करू नका.

आता तुमच्या टाकीकडे. २२ अंशांची ६० टक्के आर्द्रतेची हवा तुम्ही ३२ अंशांपर्यंत तापवलीत, तर पाणी तेवढंच राहतं पण आर्द्रता ३३ च्या आसपास येते. वर जाळी, म्हणजे गरम हवा ओल घेऊन सरळ बाहेर. स्प्रेचं पाणी कोकोपीटच्या वरच्या कातडीवर बसतं आणि अर्ध्या तासात उडतं. मीटर जमिनीपासून फूटभर वर. पिल्लू काय तिथे राहतं? त्याच्या नाकाच्या उंचीवर मोजा.

आणि तो स्पॉट दिवा. तापमान मोजायची बंदूक मिळते, ती पिल्लू दिव्याखाली बसलेलं असताना थेट पाठीवर धरा. जमिनीवर ३६ आणि पाठीवर ४३ असं मी स्वतः पाहिलंय. दोन खवल्यांच्या मधली फिकट रेघ म्हणजे नवी वाढ. ती रोज अशी भाजून सुकली की आडवी पसरत नाही, खवला वर ढकलला जातो. स्पॉट काढून पसरट प्रकाशाचा दिवा लावा, कमी वॅटचा, आणि उंची अशी ठेवा की पाठीवर ३५ ते ३७ च्या वर जाणार नाही.

मी आता पिल्लांना कसं ठेवतो ते सांगतो. टाकी वरून बंद. खाली बारीक बार्क, म्हणजे झाडाच्या सालीचे तुकडे, चार बोटं जाड, आणि पाणी कोपऱ्यातून ओततो. खालचा थर ओला, वरचा जेमतेम दमट. पाठीला ओल हवी, पोटाखाली चिखल नको, नाहीतर पोटाचं कवच सडतं. सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटवर, रात्रीसुद्धा २७ च्या खाली जाऊ देत नाही. आर्द्रता ८०. रोज २० मिनिटं कोमट पाण्यात, पाणी हनुवटीला लागेल इतकंच. लघवीतला पांढरा भाग साईसारखा पडला तर पिल्लू पाणी पितंय. वाळूसारखा कचकचला, तर नाही.

कूर्मगती :
डोंगरवाला, रात्रीच्या हीटरचं तुम्ही वाक्यात उरकलंत. तोच कळीचा मुद्दा आहे, मी त्यातच पोळलोय. टाकी बंद केली, ८० टक्के ओल आणली, खूश होतो. थर्मोस्टॅटचा सेन्सर बार्कमधून निसटून दिव्याखाली पडला, त्याला वाटलं टाकी गरम आहे, हीटर बंद. दोन रात्री २१ अंश आणि ८५ टक्के. तिसऱ्या दिवशी पिल्लू मान ताणून तोंड उघडून श्वास घेत होतं, नाकात बुडबुडा, कानाशी धरलं तर टिकटिक आवाज. पाच आठवडे उपचार चालले. वाचलं.

ओलीने ते आजारी पडलं नाही, गारठ्यातल्या ओलीने पडलं. गरम आणि दमट चालतं. गार आणि कोरडंही एखादी रात्र निभावतं. गार आणि दमट नको म्हणजे नको. निवांत, तुमच्या २२ अंशांच्या रात्री आधी थांबवा, मग ओल वाढवा. क्रम उलटा करू नका.

हे आकडे सुल्काटाचे. हर्मन जातीच्या कासवाचं निरोगी पिल्लू रात्री १८-२० पर्यंत उतरलेलं सहज चालवून घेतं, त्याला रात्रभर तापवायची गरज नाही.

चारपायी :
टाकी बंद करताना एक. युव्हीबी ट्यूब काचेच्या झाकणावर ठेवू नका. काच युव्हीबी जवळजवळ सगळं अडवते. उजेड दिसतो, म्हणून आपल्याला वाटतं पोचतंय. ट्यूब आत घ्या.

निवांत७ :
महिन्याने लिहितोय. पाठीवर बंदूक धरली : ४४. दोनदा धरली, कारण पटेना. मिठाच्या पिशवीत काट्याचा मीटर ९१ वर गेला, म्हणजे माझे ते ६० खरं तर पंचेचाळिशीतले असावेत.

आधी सिरॅमिक हीटर, सेन्सर तारेने बांधून. दोन रात्री नुसतं तापमान पाहिलं, मग जाळीवर पत्रे टाकून वरून बंद केलं, दिवा आणि ट्यूब दोन्ही आत घेतले. आता रात्री २७.५, आर्द्रता ७८ ते ८३. वजन १४१. टेंगळं तशीच आहेत, पण रेघा रुंद झाल्यात आणि नवा भाग सपाट येतोय. दिव्याखाली पूर्वीइतकं बसत नाही, बार्कमध्ये तोंड खुपसून झोपतं. सकाळी शोधावं लागतं.

कोपऱ्यात पांढरी बुरशी आलीये. काळजी करू का?

डोंगरवाला :
नाही. उष्ट्या पानांचे तुकडे रोज उचला, आठवड्यातून एकदा बार्क वरखाली करा. आणि टेंगळं तशीच राहणार, ती जात नाहीत, त्यांच्याकडे बघू नका. रेघा बघा.