कुस्ती सुटल्यावर इन्सुलिन रिसेप्टर बोथट होतो का? मग ती दुप्पट जगणारी अळी?

शाहूपुरीकर:
आमचे आबा (थोरले चुलते) तरुणपणी गंगावेश तालमीत होते. दूध, तूप, बदामाची थंडाई, मटणाचा रस्सा, सगळं पचायचं. आता ६४. वजन तेव्हापेक्षा चार किलो कमीच, पण दंड गेले आणि पोट आलं. उपाशीपोटी साखर १३८, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.४. डॉक्टर म्हणाले, इन्सुलिन भरपूर आहे, पेशी दाद देत नाहीत. आणि परवा वाचलं की एका अळीचा इन्सुलिनचा रिसेप्टर (म्हणजे पेशीवरचं, इन्सुलिनचा निरोप घेणारं प्रथिन) बिघडवला तर ती दुप्पट जगली. आबांचाही बिघडलाय की! मग एकाला आयुष्य आणि दुसऱ्याला गोळ्या, हे कसं काय?

तांबडा_पांढरा:
भावा, थंडाई अजून चालू हाय का बघ आधी 😄

शाहूपुरीकर:
ती कधीच सुटली. आता चहा आणि बटर, चारदा.

रंकाळा_सकाळी:
मी कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवायचे. आता रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्यांचे रिपोर्ट वाचून देते, त्यामुळे असे आबा रोज भेटतात.

पहिली गोष्ट, आबांचा रिसेप्टर बहुधा धड आहे. बेल दाबली जाते, आतली वायर कुरतडली गेलीय. इन्सुलिन चिकटलं की रिसेप्टर आतल्या बाजूला आयआरएस नावाच्या प्रथिनावर फॉस्फेट लावतो, तिथून निरोप पुढे एकेटी या प्रथिनापर्यंत जातो आणि मग ग्लुट-४ हे वाहक पेशीच्या पृष्ठभागावर येऊन ग्लुकोज आत घेतात. वय वाढलं, हालचाल थांबली की स्नायूच्या पेशीतच चरबी साठायला लागते, पोटातल्या चरबीतून दाह वाढवणारी रसायनं सुटतात. मग त्याच आयआरएसवर भलत्या जागी फॉस्फेट बसतात आणि निरोप तिथंच अडतो. त्यात इन्सुलिनच्या हुकमावर जाणारं बहुतेक ग्लुकोज स्नायूच घेतात, आणि आबांचे स्नायूच गेलेत. वजनकाटा हे सांगत नाही. म्हणून मी काट्यापेक्षा कमरेचा टेप आधी मागते.

आता तुमचा खरा प्रश्न. स्वादुपिंड हट्टाला पेटतं आणि जास्त इन्सुलिन ओततं. यकृत ‘ग्लुकोज बनवणं थांबव’ हा हुकूम ऐकत नाही, पण ‘चरबी बनव’ हा मात्र ऐकतं! आबांचे ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) बघा, वाढलेले असणार. म्हणजे त्यांच्या शरीरात संदेश कमी झालेला नाही. एका वाटेवर मुका, दुसऱ्या वाटेवर आरडाओरडा.

अळीचं तसं नाही. १९९३ मध्ये शास्त्रज्ञ सिंथिया केन्यन यांनी डॅफ-२ या जनुकात बिघाड असलेल्या अळ्या दुप्पट जगतात हे दाखवलं. हे जनुक आपल्या इन्सुलिन आणि आयजीएफ-१ (इन्सुलिनसारखंच, वाढ घडवणारं हार्मोन) यांच्या रिसेप्टरांचं भावंड निघालं, ते १९९७ मध्ये. तिथं संदेश मंदावला की डॅफ-१६ हे प्रथिन पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि दुरुस्तीची, ताण सोसायची जनुकं चालू करतं. तुंबलेलं ग्लुकोज, इन्सुलिनचा पूर असली भानगडच नाही.

उंदरांत आणखी गंमत. फक्त चरबीच्या पेशींतला इन्सुलिन रिसेप्टर काढला तर ते पोटभर खाऊनही सडपातळ राहिले आणि सुमारे १८ टक्के जास्त जगले (२००३). तोच फक्त यकृतातून काढला तर साखर चढली! तेव्हा ‘रिसेप्टर बिघडला’ एवढ्यावर काही ठरत नाही, कुठल्या अवयवात ते विचारावं लागतं.

माणसांतही बघा. इक्वेडोरमध्ये लॅरॉन सिंड्रोमची कुटुंबं आहेत. ग्रोथ हार्मोनचा रिसेप्टर सदोष, आयजीएफ-१ अगदी कमी, उंची खुजी. अंगानं स्थूल, तरी मधुमेह आणि कर्करोग त्यांच्यात फार क्वचित. पण म्हणून ते शंभरी गाठतात असं नाही. अळीवरून थेट आबांवर उडी मारणाऱ्या ‘दीर्घायुष्याच्या’ गोळ्या दिसल्या तर पाकीट खिशातच ठेवा.

शाहूपुरीकर:
मॅडम, लई भारी सांगितलंत. आबा विचारतायत, बैठका परत सुरू करू का?

रंकाळा_सकाळी:
करा म्हणावं. स्नायू आकुंचन पावला की ग्लुट-४ इन्सुलिनवाचूनही वर येतात, ती वाट वेगळी आणि म्हातारपणीही बऱ्यापैकी शाबूत. पण साखरेच्या काही गोळ्यांवर व्यायामानं साखर एकदम उतरते, म्हणून कुठली गोळी चालू आहे ते आधी डॉक्टरांना विचारा.

तांबडा_पांढरा:
आबांचं गुडघं?

रंकाळा_सकाळी:
दुखत असतील तर खुर्चीवरून उठ-बस, हात न टेकता. जेवणानंतर केली तर उत्तम. आणि बटर दोनवर आणा.