खरेदीला आलेल्या गिऱ्हाइकाकडून पार्किंगचे पैसे का घ्यावेत?

चौकातला_चष्मेवाला (धागाकर्ता)

गेल्या रविवारी एका मॉलमध्ये शर्ट बदलायला गेलो होतो. आदल्या आठवड्यात ४२ चा मागितला होता, घरी पिशवीतून ४० चा निघाला. चूक त्यांचीच. दुकानात सात मिनिटं लागली, पोरगा सॉरी म्हणाला, शर्ट बदलून मिळाला. खाली बूमजवळ, म्हणजे बाहेर पडायच्या आडव्या दांड्याजवळ, आलो तर पार्किंगचे ४० रुपये. म्हटलं, अरे, खरेदी काहीच केली नाही, तुमच्याच दुकानाने घातलेला घोळ निस्तरून चाललोय. तर म्हणाला, "काका, आम्ही मॉलचे नाही, कॉन्ट्रॅक्टरचे. मागं लाइन बघा." मागून हॉर्न सुरू झालेच होते. दिले पैसे.

ती चिठ्ठी अजून गाडीच्या डॅशबोर्डवर आहे. वेळ, नंबर सगळं उन्हाने उडालंय, तळाची ठसठशीत ओळ तेवढी राहिलीय: 'वाहन मालकाच्या जबाबदारीवर'. म्हणजे राखणीचे पैसे नाहीत हे त्यांनीच छापून दिलंय. मग कशाचे?

माझा मूळ मुद्दा असा. मॉलचा नकाशा मंजूर करून घेताना ठरावीक गाड्यांची जागा दाखवावीच लागते, आणि ती जागा एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर किती बांधकाम करता येईल त्या मोजणीत, धरत नाहीत. येणाऱ्यांच्या गाड्या रस्त्यावर नकोत म्हणून ही सवलत. सवलत घेऊन झाली, आता त्याच जागेवर गल्लाही मांडायचा? जून २०१९ मध्ये पुणे महापालिकेने मॉल-मल्टिप्लेक्सना पार्किंग फुकट ठेवायला सांगितलं होतं. पुढच्याच महिन्यात गुजरात उच्च न्यायालयानेही मॉलना असे पैसे घेता येणार नाहीत म्हणून निकाल दिला. आमच्याकडे तेव्हा थोडे दिवस बूम वर होता. मग एका सकाळी खाली आला. विचारलं, तर कुणालाच काही माहीत नाही.

बसवाली_बाई

असहमत. फुकट ते पौष्टिक, दुसरं काय!

मी त्याच रस्त्यावरच्या मॉलमध्ये बसने जाते. तुमच्या एका चारचाकीला नियमाप्रमाणे अडीच बाय पाच मीटर, म्हणजे साधारण १३४ चौरस फूट लागतात. रॅम्प आणि वळायची जागा धरली की जवळजवळ दुप्पट. माझ्या भाचीची खोली त्याहून लहान आहे आणि तिचं भाडं ती रोज रडत सांगते. त्या तळघरात दिवसभर दिवे, पंखे, पावसाळ्यात पाणी उपसायचा पंप, तीन पाळ्यांत माणसं. तुम्ही पैसे दिले नाहीत तर हा खर्च दुकानांच्या मेंटेनन्समध्ये जाणार आणि तिथून मालाच्या किमतीत. गाडी तुमची उभी आणि तिचं भाडं माझ्या कुर्त्यात!

आणि गुजरातचा निकाल सांगितलात तर केरळचाही सांगा. तिथल्या उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये मॉलला पैसे घेता येतात असंच म्हटलंय. ज्या त्या राज्याच्या बांधकाम नियमांवर आहे ते.

चौकातला_चष्मेवाला (धागाकर्ता)

ताई, भाचीच्या खोलीचा मुद्दा मान्य. पण एक सांगा, बूम परत खाली आला त्या दिवशी तुमचा कुर्ता किती रुपयांनी स्वस्त झाला?

तळघर_२

पाच वर्षं एका मॉलच्या ऑपरेशन्समध्ये होतो (कुठल्या ते विचारू नका), म्हणून दोन गोष्टी लिहितो.

पार्किंग फुकट होतं तेव्हा मॉल उघडायचा अकराला आणि तळघर साडेनऊलाच निम्मं भरलेलं असायचं. शेजारच्या ऑफिसांतली मंडळी. गाडी लावली की मागच्या दाराने पसार, संध्याकाळी सातला परत. दुपारी खरं गिऱ्हाईक आलं की 'फुल'ची पाटी बघून यू-टर्न. एक गृहस्थ तर गाडीला कव्हर घालून मुलाकडे परदेशी गेले. आम्ही पोलिसांत कळवायच्या बेतात होतो, तेवढ्यात एकवीस दिवसांनी हसत हसत हजर. वर विचारलं, "धुवून का नाही ठेवली?" दर लागल्यावर पहिल्याच आठवड्यात सकाळची गर्दी गेली. जागा हलती राहावी म्हणून पैसे, असं माझं मत.

दुसरी गोष्ट मात्र धागाकर्त्यांच्या बाजूची. आमच्याकडे कॉन्ट्रॅक्टर मॉलला महिन्याची ठरावीक रक्कम द्यायचा, गाड्या येवोत न येवोत. मग तो एकेका चिठ्ठीमागे लागणारच. हिशेबात तूट आली की पोराच्या पगारातून कापायचा. त्यामुळे तुम्ही शर्ट बदलला की दुकान विकत घेतलं, त्या पोराला तुम्हाला सोडायची सोयच नसते. जागा हलती ठेवायची म्हणून लावलेला दर असा वसुलीचा होऊन बसतो.

पेठेतला_दुकानदार

आमच्याकडे लक्ष्मी रोडवर स्वतःचं पार्किंग कुठल्या दुकानाला आहे? गिऱ्हाईक मंडईत आर्यन नाहीतर बाबू गेनू वाहनतळावर गाडी लावतं, पैसे देतं, चालत येतं आणि वर माझ्याशी पाचशेच्या साडीत पन्नास रुपयांची घासाघीसही करतं. पार्किंगबद्दल अवाक्षर नाही! मॉलचे एसीवाले ४० रुपये मात्र पोटात दुखतात.

रात्रपाळी

सगळे मॉलवर घसरलात म्हणून लिहिते. मागच्या वर्षी वडील अकरा दिवस आयसीयूत होते. एका खासगी हॉस्पिटलात स्कूटरला दर वेळी २० रुपये. दर वेळी म्हणजे दर वेळी. हॉस्पिटलच्या मेडिकलमध्ये नसलेलं इंजेक्शन आणायला बाहेर पडा, परत आत येताना नवी चिठ्ठी. घरून डबा आणला, नवी चिठ्ठी. एका रात्री तीन झाल्या. बाबांना सोडलं त्या दिवशी पर्स झाडली तर चिठ्ठ्यांचा नुसता ढीग. तिथे कोण हौसेने जागा अडवून बसतंय? तळघर_२ दादा, तुमची ती हलती जागा इथे कशी बसवणार?

बसवाली_बाई

रात्रपाळी, तुमचं शंभर टक्के बरोबर. पेशंटमागे एका गाडीला ॲडमिट असेपर्यंतचा पास द्यायला काहीच जड नाही. माझं म्हणणं मॉलपुरतं धरा. बाबा आता बरे आहेत ना?

रात्रपाळी

हो, आता स्वतः स्कूटर चालवतात. पार्किंगचे पैसे आले की मला पुढे करतात.

कलम_आणि_पोटकलम

त्या 'मालकाच्या जबाबदारीवर'बद्दल. १९९८ मध्ये दिल्लीच्या एका पंचतारांकित हॉटेलातून व्हॅलेकडे, म्हणजे गाडी नेऊन लावणाऱ्या हॉटेलच्या माणसाकडे, दिलेली मारुती झेन चोरीला गेली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं, निकाल लागला नोव्हेंबर २०१९ मध्ये: गाडी ताब्यात घेतलीत तर नुसती ओळ छापून हॉटेलला हात वर करता येणार नाहीत. पण तिथे किल्ली हॉटेलकडे होती. आपण स्वतः लावून किल्ली खिशात घालतो, तिथे भांडण अवघड जातं. तरी चिठ्ठी टाकू नका. तुमची उन्हाने उडालीय, निदान पुढच्या वेळी फोटो काढून ठेवा.

आणि दर असावा की नसावा यावर तेलंगण सरकारने २०१८ मध्येच मधला रस्ता काढलाय. मॉलमध्ये पहिला अर्धा तास फुकट. तासाभरापर्यंत कसलंही बिल दाखवलं की फुकट. त्यापुढे बिल पार्किंगच्या रकमेपेक्षा मोठं असेल तर फुकट. म्हणजे ऑफिसवाल्यांची फुकटेगिरी बंद आणि गिऱ्हाईकही नाराज नाही. आपल्याकडे हे करायला काय हरकत आहे?

तळघर_२

हरकत कॉन्ट्रॅक्टरची. महिन्याची ठरावीक रक्कम बांधून घेतली असेल तर तो हे होऊ देणार नाही. आधी तो करार बदलायला हवा.

बसवाली_बाई

मला चालेल. चष्मेवाले, तुमचंही काम झालं की! सात मिनिटांचा तर शर्ट, अर्ध्या तासात आरामात बाहेर.

चौकातला_चष्मेवाला (धागाकर्ता)

सात मिनिटं दुकानातली हो. जागा शोधत तीन चकरा, लिफ्टची वाट आणि बूमपर्यंतची रांग धरली तर चौतीस.

पेठेतला_दुकानदार

काका, पुढचा शर्ट आमच्याकडे घ्या. घालून बघितल्याशिवाय पिशवीत भरत नाही.